नोकरी शोधताय? आधी स्वतःला परक्याच्या फोनमधून बघा

मी भोसरीजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीत भरतीचं काम बघते. बायोडेटा आवडला की मी पहिल्यांदा उमेदवाराचा नंबर फोनमध्ये सेव्ह करते आणि कॉल लावते. गेल्या वर्षी असाच एका डिप्लोमावाल्या मुलाला फोन केला. रिंग वाजतेय आणि ट्रूकॉलर मला सांगतोय, 'सोन्या डीजे उधारी बाकी'. व्हॉट्सॲपच्या डीपीत गॉगल, शेजारी कुणाची तरी बुलेट. मुलगा चांगला निघाला, आज आमच्याकडे क्वालिटीत आहे. पण त्या दिवशी त्याने 'हॅलो' म्हणायच्या आत मी हसत होते, आणि समोरचा आधीच हसत असेल तर पहिल्या फोनवर वजन पाडणं अवघड जातं.

लोकांना वाटतं एचआरवाले रात्र रात्र जागून तुमच्या जुन्या पोस्टी उकरतात. तेवढा वेळ कोणाला आहे? नोकरी मिळताना बहुतेकांचा घात होतो तो बायोडेट्यात एक आणि प्रोफाइलवर दुसरंच असल्यामुळे. नोकरी मिळाल्यावर मात्र घात करतो तो ओळखीचाच कोणीतरी, स्क्रीनशॉट काढून. खालच्या पायऱ्या या दोन गोष्टी धरून लिहिल्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांना एक रविवार पुरतो.

पायरी १: परक्या फोनवरून स्वतःला शोधा

स्वतःच्या फोनवर नको, तिथे तुम्ही लॉगिन असता आणि सगळं नीटच दिसतं. तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये नसलेल्या कोणाचा तरी फोन घ्या, नाहीतर ब्राउझरची इन्कॉग्निटो विंडो उघडा. गूगलवर आधी देवनागरीत नाव टाका, मग इंग्रजीत. इंग्रजी स्पेलिंग एकच धरू नका. गायकवाड हे एकच आडनाव मी तीन-चार तऱ्हांनी लिहिलेलं पाहिलंय. मग नावापुढे कॉलेज जोडा, गाव जोडा. शेवटी मोबाइल नंबर आणि जुना ईमेल टाकून बघा. जुनी मोटारसायकल विकायला टाकलेली जाहिरात, कॉलेजच्या गॅदरिंगची यादी, कधीतरी काढून विसरलेला ब्लॉग, असलं काहीबाही निघतं.

आणि लग्नाचा बायोडेटा. हसू नका. आईने वधू-वर मंडळाच्या ग्रुपवर टाकलेली पीडीएफ फिरत फिरत कुठेही जाते. त्यात पगार असतो, आणि लग्नाच्या बायोडेट्यातला पगार नेहमी दोन पावलं पुढे असतो. मुलाखतीत सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळत नाही, हे मी स्वतः एकदा पाहिलंय. मी काही बोलले नाही, पण सॅलरी स्लिप जरा जास्त निरखून बघितल्या.

तुमच्याच नावाचा दुसरा कोणी भलत्या कारणाने गाजत असेल तर घाबरू नका. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव लावायची पद्धत आहे, तिचा इथे चांगला उपयोग होतो. बायोडेट्यावर आणि लिंक्डइनवर तिन्ही नावं आणि स्वच्छ फोटो ठेवलात की गोंधळ मिटतो.

पायरी २: नंबरामागचा चेहरा

ट्रूकॉलरवर लोकांनी तुमचा नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय ते नाव दिसू शकतं. ॲप घेऊन स्वतःचं प्रोफाइल बनवलं की नाव दुरुस्त करता येतं. ॲप नकोच असेल तर त्यांच्या वेबसाइटवरून नंबर यादीतून काढण्याची विनंती करता येते.

व्हॉट्सॲपवर सेटिंग्ज, प्रायव्हसी, प्रोफाइल फोटो असं जा. तिथला 'माय कॉन्टॅक्ट्स' हा पर्याय म्हणजे तुमच्या फोनबुकात ज्यांचे नंबर आहेत ते लोक. तुमचा नंबर कोणी सेव्ह केला म्हणून त्याला फोटो दिसत नाही. डीपी रिकामा दिसला तरी काही बिघडत नाही. स्टेटसला मात्र नवे लोक हमखास फसतात. एचआर मॅडमचा नंबर तुम्ही कौतुकाने सेव्ह करता, तिच्याकडे तुमचा असतोच, आणि मग तुमचं प्रत्येक स्टेटस तिच्या यादीत येऊन बसतं. 'भाऊंचा बर्थडे', रस्त्यावर लावलेल्या गाड्या, आणि केक कापायला तलवार. तलवारीने नाहीतर कोयत्याने केक कापल्याच्या व्हिडिओवरून शस्त्र कायद्याखाली गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या पुण्यात नव्या नाहीत. केक दुसऱ्याचा असला तरी फ्रेममध्ये तुम्ही असता. उद्या कंपनीने पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं की हे आठवतं.

ईमेलबद्दल एकच ओळ: 'किंग' आणि 'रॉकस्टार' असलेला पत्ता मित्रांसाठी ठेवा, अर्जासाठी नावाचा नवा काढा.

पायरी ३: तारखा जुळवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात.

बायोडेटा, लिंक्डइन आणि नोकरी डॉट कॉमवरचं प्रोफाइल शेजारी शेजारी ठेवा. कंपनीचं नाव, हुद्दा, रुजू झाल्याचा महिना, सोडल्याचा महिना सगळीकडे एकच हवा. ऑफर दिल्यावर बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करतात. आमच्या भाषेत बीजीव्ही. त्यात तुमच्या पीएफच्या यूएएन नंबरवरची सर्व्हिस हिस्ट्री मागतात. जुन्या कंपनीने पीएफ भरला असेल तर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथे असते. तुम्ही 'मार्च २०२३पर्यंत' लिहिलंत आणि तिथे डिसेंबर २०२२ आहे, तर तीन महिन्यांचा प्रश्न येतोच. म्हणून आधी स्वतः ती हिस्ट्री उघडा आणि बायोडेटा तिच्याप्रमाणे लिहा. हिस्ट्रीच चुकीची असेल तर जुन्या कंपनीकडून दुरुस्त करून घ्या.

एक प्रसंग सांगते. एका मुलीच्या बायोडेट्यात नाशिकच्या एका फर्ममधला दोन वर्षांचा अनुभव होता. मुलाखत उत्तम दिली. आमच्यातल्याच एकाने सहज फेसबुक उघडलं, तर त्याच दोन वर्षांत सदाशिव पेठेतली अभ्यासिका, टेबलावर राज्यशास्त्राचे ठोकळे, आणि खाली लिहिलेलं, 'पूर्व निघाली, आता मुख्य'. एमपीएससीची तयारी करणं यात लपवण्यासारखं काय आहे? आमच्याकडे निम्म्या घरांतून कोणीतरी ते केलंय. बायोडेट्यात 'स्पर्धा परीक्षेची तयारी, पूर्व परीक्षा उत्तीर्ण' असं लिहिलं असतं तर मी तिला घेतलं असतं. 'अनुभव' असं लिहिल्यामुळे घेता आलं नाही. वाईट वाटलं, पण जिला हिशेबाची कामं द्यायची होती तिच्या पहिल्याच कागदावर खोटं निघालं होतं.

लिंक्डइनवर हात लावण्याआधी दोन सेटिंग्ज बघा. एक, प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवायचं बटण बंद करा. नाहीतर तुम्ही हुद्दा नीट करायला जाता आणि सध्याच्या साहेबांना 'नव्या नोकरीबद्दल अभिनंदन' करायची सूचना जाते. दोन, 'ओपन टू वर्क', म्हणजे 'मी नोकरी शोधतोय' अशी खूण. फोटोभोवतीची हिरवी कड सगळ्यांना दिसते. नोकरीत असाल तर 'फक्त रिक्रूटर्सना' हा पर्याय घ्या. तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटर्सपासून ते लपवायचा प्रयत्न लिंक्डइन करतं, पण पूर्ण खात्री देत नाही, हे ते स्वतःच सांगतात.

पायरी ४: सफाई, पण चुना फासणं नव्हे

फेसबुकवर आधी सेटिंग्जमधून तुमच्या सगळ्या माहितीची प्रत उतरवून ठेवा. आजीचे फोटो त्यात असतील, नंतर रडायला नको. मग 'लिमिट पास्ट पोस्ट्स' दाबा. आजवरच्या सगळ्या पब्लिक पोस्ट एका फटक्यात मित्रांपुरत्या होतात. हे उलटं एका फटक्यात फिरवता येत नाही, म्हणून जी पोस्ट खरंच जगाला दाखवायची आहे ती नंतर हाताने पब्लिक करा. टॅग केलेल्या पोस्ट तुम्हाला विचारूनच टाइमलाइनवर याव्यात ही सेटिंगही चालू करा. इन्स्टाग्रामवर पोस्ट उडवायची नसेल तर अर्काइव्ह करा. एक्सवर ॲडव्हान्स सर्चमध्ये स्वतःचं हँडल आणि कॉलेजच्या वर्षांच्या तारखा टाकून बघा. बहुतेकांची सगळ्यात तिखट भाषा त्याच काळातली असते.

एक जागा हमखास राहून जाते. बातम्यांच्या किंवा नेत्यांच्या पब्लिक पेजखाली तुम्ही केलेल्या कमेंट. अकाउंट कितीही लॉक करा, त्या कमेंट तिथे तुमच्या नावानिशी उघड्या असतात. ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये 'कमेंट्स' उघडून खाली खाली जा. क्रिकेटच्या सामन्याच्या रात्रीच्या कमेंट वाचताना माझेच कान लाल झाले होते.

काय काढायचं? शिव्या, बायकांवरचे विनोद, जातीवरून-धर्मावरून टोमणे, आधीच्या कंपनीवरचा राग, हत्यारं, आणि गाडी चालवताना हातात बाटली असलेले फोटो. बाकीचं राहू द्या. हरिश्चंद्रगडाचा ट्रेक, रक्तदान, शेतातला फोटो, गणपतीतलं ढोल-ताशा पथक हे सगळं राहू द्या. पथकात सलग काही वर्षं सराव केलेला मुलगा वेळेवर येतो, हा माझा वैयक्तिक निष्कर्ष आहे, याला शास्त्र नाही. अकाउंटच नसलं तर? आमच्यासारख्या कारखान्यात कोणी विचारत नाही. मार्केटिंग, डिझाइन, पत्रकारिता अशा कामांत मात्र तुमचं काम कुठे बघायला मिळेल हा पहिला प्रश्न असतो.

राजकारणाचं काय, हा प्रश्न मला प्रत्येक कॉलेजात विचारतात. मत असणं गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ, ज्याखाली नुसत्या पोस्टवरून अटक व्हायची, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ला रद्द केलं. २०१२मध्ये मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, तिथून हा खटला सुरू झाला होता. पण पोलिसांपासून मिळालेलं संरक्षण वेगळं आणि नोकरी वेगळी. खासगी कंपनी नकाराचं कारण सांगत नाही. मी पक्ष बघत नाही, भाषा बघते. सगळे माझ्यासारखे असतात असं मात्र सांगणार नाही. आडनाव आणि झेंडा बघणारेही या धंद्यात आहेत. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा इथे मदतीला येईल असं वाटत असेल, तर तुम्ही स्वतः जगजाहीर केलेल्या माहितीला तो लागूच होत नाही.

पायरी ५: जॉइनिंगनंतरचे पहिले काही महिने

ऑफर लेटरचा फोटो टाकू नका. गळ्यातल्या आयकार्डाचा तर अजिबात नको. त्यावर नाव, एम्प्लॉयी नंबर, कधी क्यूआर कोडही असतो. नव्याने रुजू झालेल्यांची लिंक्डइन पोस्ट बघून ठग 'मी तुमचा सीईओ, मीटिंगमध्ये आहे, तातडीने गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठवा' असे मेसेज करतात. पहिल्या आठवड्यात सीईओचा नंबर कोणाला माहीत असतो? माणूस घाबरून पैसे भरतो. असं झालंच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा, मग आम्हाला सांगा.

चाकण-रांजणगावच्या मोठ्या कारखान्यांत गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्याला स्टिकर लावतात. ते सोलून शॉपफ्लोअरवर रील काढणारे महाभाग दरवर्षी भेटतात. 'मी फक्त माझा चेहरा काढला' म्हणतात. मागे जिग असतं, फिक्श्चर असतं (काम करताना पार्ट पक्का धरायची साधनं), बोर्डावर आजचं रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचा आकडा लिहिलेला असतो, आणि ग्राहकाचा माणूसही इन्स्टाग्रामवर असतो. ऑफिसातल्यांनी हेच लॅपटॉपची स्क्रीन आणि मीटिंग रूमचा व्हाइटबोर्ड यांबद्दल समजावं.

सिक लीव्ह टाकून भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसलेला फोटो कोण टाकेल, असं तुम्ही म्हणाल. तो स्वतः टाकतच नाही. त्याचा मित्र टाकतो आणि टॅग करतो. आणि तो फोटो मला शोधावा लागत नाही. ज्याला त्या दिवशी दुप्पट काम पडलं तो दुपारी दोनपर्यंत माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवून देतो.

आता कंपनीविरुद्ध लिहिण्याबद्दल. वेतनकराराच्या वादाच्या काळात एका कामगाराने व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर पोस्ट टाकल्या, कंपनीने त्याला काढलं. कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, पण मुंबई उच्च न्यायालयाने २०२३मध्ये तो फिरवला. अभिव्यक्ती स्वातंत्र्याला मर्यादा आहे आणि अशा पोस्टचा प्रत्यक्ष परिणाम दिसेपर्यंत कंपनीने थांबायची गरज नाही, असा त्याचा रोख होता. मला स्वतःला हा निकाल कामगारावर कठोर वाटतो. तरी सल्ला तोच देईन: पगाराची, सुरक्षेची, त्रासाची तक्रार असेल तर लेखी द्या, पोच घ्या, युनियन असेल तर युनियनमार्फत द्या. लेखी तक्रार पुढे तुमच्या उपयोगी पडते. रागातली पोस्ट मात्र कंपनी छापून फाइलला लावते.

ग्रुपवर तर आणखी सावध. मी माझ्या पहिल्या नोकरीत मैत्रिणींचा ग्रुप समजून साहेबांच्या आवाजाची नक्कल केलेली व्हॉइस नोट डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाकली होती. चाळीस सेकंदांत 'डिलीट फॉर एव्हरीवन' केलं. तोवर कोणीतरी ती पुढे पाठवली होती. साहेब भले होते, पण त्या वर्षीची इन्क्रिमेंट मला अजून आठवते. ग्रुपवर दुसऱ्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलंय. कायद्याने सुटाल, पण ऑफिसच्या ग्रुपचे ॲडमिन असाल तर लोक तुमच्याचकडे बघणार.

सरकारी नोकरीत असाल तर

इथे नियम वेगळे आणि कडक आहेत. राज्य सरकारने २८ जुलै २०२५ला समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. वैयक्तिक आणि कार्यालयीन अकाउंट वेगळं ठेवा, सरकारच्या धोरणांवर टीका नको, बंदी घातलेली ॲप वापरू नका. प्रोफाइल फोटो सोडून इतर फोटो-रीलमध्ये पदनाम, गणवेश, सरकारी गाडी, इमारत दाखवू नका, असं त्यात आहे. कंत्राटी कर्मचारीही त्यात आले. मोडलं तर शिस्त व अपील नियमांखाली कारवाई. गणवेशातल्या रीलवरून एसटीच्या एका महिला वाहकाचं निलंबन झालं होतं ते २०२२मध्ये, म्हणजे हा निर्णय यायच्याही आधी. तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक म्हणून नव्याने लागलेल्यांनी तो निर्णय डाउनलोड करून एकदा पूर्ण वाचावा, चार-पाच पानांचं काम आहे.

अमेरिकेला जायचा विचार असेल तर

व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागच्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरची हँडल २०१९पासून लिहावी लागतात. १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यांच्या नवरा-बायको-मुलांचा) अर्जदारांनाही सगळी प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलं आहे. विद्यार्थ्यांना ते त्या वर्षीच्या जूनपासूनच होतं. म्हणजे वर सांगितलेलं 'मित्रांपुरतं' हे कुलूप इथे तुम्हालाच उघडावं लागतं. म्हणून सफाई आत्ता करा, मुलाखतीची तारीख लागल्यावर नको. आणि जुनं हँडल विसरलो म्हणून सोडून देऊ नका; अपूर्ण माहिती दिली हे एखाद्या खवचट पोस्टपेक्षा जास्त महागात पडू शकतं.

एचआरने बोलावलं तर

पहिल्या अर्ध्या तासात लोक दोन चुका करतात: सगळं अकाउंट उडवतात, किंवा 'माझं अकाउंट हॅक झालं होतं' म्हणतात. अकाउंट उडवलं की पुरावा नष्ट केल्यासारखं दिसतं, आणि तुमच्या बाजूचा संदर्भही जातो. हॅकची गोष्ट आम्ही आठवड्यातून एकदा ऐकतो. ती पोस्ट, तिची तारीख आणि खालच्या कमेंट यांचा स्क्रीनशॉट स्वतःसाठी काढून ठेवा, मग पोस्ट लपवा. आक्षेप नेमका काय आहे तो लेखी मागा. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्या, रागात नको. एक रात्र जाऊ द्या, जाणत्या माणसाला वाचायला द्या. चूक असेल तर दोन ओळींत मान्य करा. तोंडी 'राजीनामा द्या, विषय संपवू' असं कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे सही करू नका.

आणि नोकरी सोडताना: कंपनीचं पेज तुमच्या खासगी अकाउंटवरून चालत असेल तर ॲडमिनपद लेखी सोपवून मोकळे व्हा. निरोपाची पोस्ट, त्यातले चिमटे, 'अखेर सुटलो'चं स्टेटस हे सगळं रिलिव्हिंग लेटर हातात आणि फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे खात्यात आल्यावर. अकाउंट्सवाले पण स्टेटस बघतात.